दुखण्याचा पत्ता

गेल्या श्रावणात आई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरून पडली. वय ७९. ‘पडले कसली, बसलेच मी खाली,’ असे तिचे म्हणणे. भिंतीचा आधार घेऊन ती स्वतः उठली, खोलीपर्यंत चालत आली आणि चहाही घेतला. संध्याकाळी मात्र म्हणाली, ‘कंबर दुखतेय गं.’ मी तिला कुशीवर वळवले, पाठीच्या खालच्या भागाला मलम लावले आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकले. दुसऱ्या दिवशी तेच केले, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी सकाळी तिला उजव्या पायावर उभेच राहवेना.

घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी माझे सारे निवेदन शांतपणे ऐकून घेतले आणि मग ते आईकडे वळून म्हणाले, ‘आजी, जिथे सर्वांत जास्त दुखते तिथे एक बोट ठेवा.’ आईने बोट ठेवले ते पाठीवर नव्हतेच. पोट आणि मांडी जिथे मिळतात त्या घडीवर, पुढच्या बाजूला, उजव्या जांघेत ते टेकले होते. क्ष-किरण चित्रात खुब्याच्या सांध्यापाशी मांडीच्या हाडाची मान मोडलेली दिसली. आरंभी हाडाची टोके एकमेकांत रुतून बसलेली असावीत, म्हणून तिला चालता आले, असे अस्थिरोगतज्ज्ञ म्हणाले. पुढच्या तीन दिवसांच्या हालचालीत ती सरकली. जागेवर असतानाच कळते, तर स्क्रू बसवून भागण्याची शक्यता होती. आता खुब्याचा गोळाच बदलावा लागला.

आईने चुकीचे काही सांगितले नव्हते. तिच्या बोलण्यात कंबर म्हणजे नेसूच्या गाठीपासून मांडीच्या मुळापर्यंतचा सगळा घेर. माझ्या मनात कंबर म्हणजे पाठीचा खालचा भाग. शब्द एक, पत्ते दोन, आणि तीन दिवस मी भलत्याच घराची कडी वाजवत राहिले. आता आठवते की, त्या पहिल्या संध्याकाळीही बोलताना तिचा हात जांघेवरच होता. मी शब्द ऐकला. हात पाहिला नाही.

या अनुभवानंतर मी शरीरातील जागा सांगण्याच्या शब्दांचा थोडा अभ्यास केला. रोगाचे नाव शोधणे हे डॉक्टरांचे काम आहे, पण दुखणे नेमके कुठे आहे हे सांगणे आपले काम आहे, आणि ते आपल्याशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही. त्यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. चार-पाच शब्दांच्या जोड्या आणि एक-दोन नियम पुरेसे आहेत. आजच्या लेखात तेवढेच मांडते.

डावा कोणाचा?

रुग्णालयात अर्ज भरताना माझ्या हातून आणखी एक चूक झाली. आई चाकांच्या खुर्चीत माझ्यासमोर बसली होती. तिच्या दुखऱ्या पायाकडे पाहत मी ‘डावा’ असे लिहिले, कारण तो माझ्या डाव्या हाताला होता. अर्ज वाचणाऱ्या परिचारिकेने आईला स्वतःला विचारले, म्हणून चूक लगेच दुरुस्त झाली.

या बाबतीतला नियम आपल्या पुण्यालाच ठाऊक आहे. खडकवासल्याच्या धरणातून निघून शहरातून हडपसरकडे जाणाऱ्या कालव्याला ‘मुठा उजवा कालवा’ म्हणतात. तो उजवा कशावरून? नदी ज्या दिशेला वाहते त्या दिशेला तोंड करून उभे राहिले, की तो उजव्या हाताला येतो म्हणून. आपण नदीच्या कोणत्याही काठावरून, कसेही पाहिले, तरी त्याचे नाव बदलत नाही. उजवेपण नदीचे आहे, पाहणाऱ्याचे नाही. गणपतीच्या सोंडेचेही तसेच. अष्टविनायकांपैकी सिद्धटेकचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा, म्हणजे त्याची सोंड त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताकडे वळलेली. समोर हात जोडून उभ्या राहिलेल्या भक्ताला ती आपल्या डावीकडे दिसते, पण म्हणून कोणी त्याला डाव्या सोंडेचा म्हणत नाही.

वैद्यकशास्त्राचा नियम हाच आहे: डावे-उजवे नेहमी रुग्णाचे. ससूनच्या आवारातील बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात काय किंवा जगातल्या कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात काय, देहदानातून मिळालेल्या शरीराशेजारी उभ्या राहणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला प्रथम हीच सवय लावून घ्यावी लागते. छातीचे क्ष-किरण चित्रही, रुग्ण आपल्याकडे तोंड करून उभा आहे अशा रीतीने लावतात. त्यामुळे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला रुग्णाची उजवी बाजू असते. चित्राच्या कोपऱ्यात बाजू दाखवणारे अक्षर असते ते यासाठीच. घरी फिल्म उजेडात धरून आपणच निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मोतीबिंदूच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी ‘कोणता डोळा?’, ‘कोणता पाय?’ हा प्रश्न चार वेळा, चार निरनिराळी माणसे विचारतात. त्याचा पुष्कळांना राग येतो. ‘कागदावर लिहिलेले दिसत नाही का?’ असे आपण म्हणून जातो. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसृत केलेल्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणी-सूचीत, भूल देण्यापूर्वी रुग्णाकडूनच जागेची खातरजमा करणे आणि त्या जागी खूण केलेली आहे का हे पाहणे, ही कामे मुद्दाम घातलेली आहेत. आईच्या उजव्या मांडीवर शाईने खूण केली गेली, तेव्हा अर्जावरचा माझा ‘डावा’ आठवून माझ्या अंगावर काटा आला. तेव्हा प्रश्न कितीही वेळा विचारला गेला, तरी रुग्णाने न कंटाळता उत्तर द्यावे, आणि शक्य तर त्या अवयवाला हात लावून द्यावे.

उभे राहण्याची एक ठरलेली रीत

माणूस बसतो, निजतो, वाकतो. त्याबरोबर वर-खाली आणि पुढे-मागे हे शब्दही फिरू लागले, तर गोंधळच होईल. म्हणून शरीररचनाशास्त्राने एक स्थिती कायमची ठरवून टाकली आहे. माणूस ताठ उभा आहे, दृष्टी समोर आहे, पावले समोर आहेत, हात शरीरालगत खाली सोडलेले आहेत आणि तळहात पुढच्या बाजूला वळवलेले आहेत. प्रत्यक्षात रुग्ण कसाही असो, जागा सांगताना तो असाच उभा आहे असे मानायचे.

तळहात पुढेच का, असे कोणी विचारील. आपण उभे राहून पाहावे. तळहात मांडीला टेकवले तर अंगठा पुढे येतो. ते मागे फिरवले तर अंगठा आत, शरीराकडे जातो. पुढे वळवले तर तोच अंगठा बाहेरच्या बाजूला जातो. कोपरापासून खालचा हात असा फिरतो, त्यामुळे एक स्थिती निश्चित केल्याखेरीज त्याची आतली बाजू कोणती हे ठरतच नाही. आपल्यासाठी सोपा उपाय असा, की हाताच्या बाबतीत ‘अंगठ्याकडची बाजू’ आणि ‘करंगळीकडची बाजू’ असे म्हणावे. तेथे चूक संभवत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी या नियमाचे मोल मोठे आहे. रुग्ण उताणा निजलेला असला तरी ‘वर’ म्हणजे डोक्याकडे, छताकडे नव्हे. आणि गादीला टेकलेली बाजू ही ‘मागची’ बाजू, ‘खालची’ नव्हे. एकाच कुशीवर किंवा उताणे दीर्घकाळ पडून राहिल्याने त्वचेवर दाबाच्या जखमा होतात. त्यांच्या जागा ठरलेल्या असतात: डोक्याची मागची बाजू, पाठीचे फरे, कोपरे, माकडहाड आणि त्याच्या वरचा सपाट हाडाचा भाग, खुब्यांच्या बाहेरच्या बाजू, घोटे आणि टाचा. जिथे हाड त्वचेच्या लगेच खाली असते, त्या या जागा. रोज अंग पुसताना त्या त्याच क्रमाने पाहाव्यात आणि लालसरपणा दिसला तर वहीत लिहावे: ‘डावा खुबा, बाहेरची बाजू, रुपयाएवढा लाल डाग.’ ‘खाली लाल झाले आहे,’ एवढ्यावरून रात्रपाळीच्या व्यक्तीला काहीच कळणार नाही.

पाच जोड्या

आता शब्दांच्या जोड्या पाहू. शास्त्रीय ग्रंथांत त्यांना संस्कृत संज्ञा आहेत. घरात साधे शब्दच पुरेत.

पहिली जोडी वर आणि खाली. ग्रंथांत ऊर्ध्व आणि अधः. वर म्हणजे डोक्याकडे, खाली म्हणजे पावलांकडे. परंतु आपल्या मराठीत ‘वर’चे दोन अर्थ होतात. ‘गुडघ्यावर सूज आहे’ म्हणजे वाटीवर, की वाटीच्या वरच्या भागात, मांडीवर? म्हणून ‘गुडघ्याच्या वाटीवर’ किंवा ‘वाटीच्या वर चार बोटे’ असे स्पष्ट म्हणावे.

दुसरी जोडी पुढे आणि मागे. ग्रंथांत अग्र आणि पश्च. छाती, पोट, नडगी ही पुढची बाजू. पाठ, पोटरी ही मागची. आईच्या बाबतीत हीच जोडी माझ्या हातून सुटली. ‘पुढे की मागे?’ एवढे दोन शब्द मी विचारले असते, तर तीन दिवस वाचले असते.

तिसरी जोडी मधल्या रेषेकडची बाजू आणि कडेची बाजू. ग्रंथांत अभिमध्य आणि पार्श्व. भांगातून निघून नाकाचा शेंडा, हनुवटी आणि बेंबी यांवरून खाली येणारी एक रेषा मनाशी आखावी. तिच्या जवळचे ते आतले, तिच्यापासून दूरचे ते बाहेरचे. गुडघ्याची आतली बाजू म्हणजे दोन्ही गुडघे एकमेकांना टेकतात ती बाजू. येथेही ‘आत’ हा शब्द फसवतो. ‘गुडघ्याच्या आत दुखते’ याचा अर्थ सांध्याच्या खोलीत, असाही होतो. म्हणून ‘दुसऱ्या गुडघ्याकडची बाजू’ असे म्हटले, की शंका उरत नाही.

चौथी जोडी जवळचा आणि दूरचा; ग्रंथांत समीपस्थ आणि दूरस्थ. ही केवळ हातापायांसाठी. मोजायचे ते अवयव धडाला जिथे जोडलेला आहे तेथून, म्हणजे हात खांद्यापासून आणि पाय खुब्यापासून. नदीचे उदाहरण पुन्हा घेऊ. मुठेच्या ओघात खडकवासल्याहून येताना म्हात्रे पूल आधी लागतो, लकडी पूल नंतर, आणि मुळेशी होणारा संगम त्याहून पुढे. तसे खांद्याहून निघाले की आधी कोपर, मग मनगट, मग बोटांची पेरे. लकडी पुलाच्या ‘अलीकडे’ म्हणजे कुठे, हे डेक्कनचा माणूस आणि अलका चौकातला माणूस वेगवेगळे सांगतील. पण ‘खडकवासल्याकडे’ म्हटले की वाद मिटतो. बोटाला जखम झाली असेल, तर ‘दुसऱ्या पेराच्या अलीकडे’ असे न म्हणता ‘तळव्याकडे’ किंवा ‘नखाकडे’ असे म्हणावे.

पाचवी जोडी वरवरचे आणि खोल. ग्रंथांत उपरिस्थ आणि गभीर. नुसते कातडीला बोट लावले तरी दुखते, की दाबल्यावर दुखते, की दाबूनही हाताला लागत नाही अशा खोल जागी दुखते? नागीण झाली असेल, तर काही वेळा पुरळ उठण्यापूर्वीच त्वचेची आग सुरू होते, आणि ती शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी असते. अशा वेळी ‘छातीत दुखते’ आणि ‘छातीच्या उजव्या बाजूच्या कातडीची आग होते’ या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे.

‘चार बोटे’ हे माप मी वापरले, ते घरगुती वाटेल. पण त्याला मोठी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीराचे सहा मुख्य भाग केले आहेत: चार शाखा म्हणजे हात-पाय, मधला भाग आणि मस्तक. तेथेच १०७ मर्मांची गणना भागवार केलेली आहे. हातापायांत ४४, पोट व छातीत १२, पाठीत १४ आणि मानेपासून वर ३७. आयुर्वेदात शरीराची मापे अंगुलांत दिली जातात, आणि तीही ज्याचे शरीर त्याच्याच बोटांनी घेतलेली. लहान चणीच्या आजींचे आणि उंच आजोबांचे माप त्यामुळे आपोआप जुळते. ‘बेंबीच्या खाली तीन बोटे, उजवीकडे दोन बोटे’ हे रुग्णाच्या बोटांनी मोजून दूरध्वनीवरही सांगता येते.

आपले ऐसपैस शब्द

आता ज्या शब्दांनी घोटाळा होतो त्यांच्याकडे वळू. कंबर आपण पाहिलीच. पाठीचा खालचा भाग, बाजूचे कमरेचे हाड, खुबा आणि जांघ या चार जागा निरनिराळ्या आहेत; वृद्ध व्यक्ती पडल्यानंतर ‘कंबर’ म्हणाली, तर या चारही जागांवर तिला हात ठेवायला सांगावा. पडल्यानंतर जांघेत दुखत असेल, पायावर भार देता येत नसेल, किंवा एक पाय आखूड आणि पाऊल बाहेर वळलेले दिसत असेल, तर चोळू नये, चालवू नये. त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी. आणि आईसारखे कोणी चालत असले, तरी त्यावरून हाड मोडलेले नाही असे समजू नये.

‘पाय’ आपल्याकडे खुब्यापासून नखापर्यंत पसरलेला आहे. ‘पाय सुजला’ म्हणजे पाऊल, घोटा, नडगी, पोटरी की मांडी? एक पाय की दोन्ही? हा भेद महत्त्वाचा आहे. दोन्ही घोट्यांवर सूज येण्याची कारणे हृदय, मूत्रपिंड किंवा एखादे औषध यांत असू शकतात. पण दीर्घकाळ अंथरुणावर राहिल्यानंतर एकाच पोटरीला सूज आणि दुखरेपणा आला, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते. ती पोटरी मुळीच चोळू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

‘खांदा’ म्हणजे सांधा, की मान आणि सांधा यांमधला उतार, की मागचा फरा? ‘गळा’ म्हणजे गिळताना दुखणारा घसा, की बाहेरून दिसणारी मान? आणि ‘काळीज’ तर सर्वांत गमतीचे. भीतीने धडधडते ते काळीज म्हणजे हृदय; खाटकाच्या दुकानात मिळते ते काळीज म्हणजे यकृत. एखाद्या आजोबांनी ‘काळजात दुखते’ म्हटले, तर बोट ठेवायला सांगणे हाच उपाय.

घरी परप्रांतीय मदतनीस असेल, तर आणखी एका शब्दाला जपावे. मराठीत जांघ म्हणजे मांडीच्या मुळाशी असलेली घडी. हिंदीत मात्र त्याच शब्दाचा अर्थ मांडी. ‘जांघेत औषध लावा’ या सूचनेचा काय परिणाम होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पोट हा तर एक प्रदेशच आहे. बेंबीवरून एक उभी आणि एक आडवी रेषा काढली, की त्याचे चार भाग होतात. उजवीकडे वर, बरगड्यांखाली यकृत आणि पित्ताशय. डावीकडे वर जठराचा बराचसा भाग आणि प्लीहा. उजवीकडे खाली आंत्रपुच्छ, म्हणजे आपले अपेंडिक्स. डावीकडे खाली मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग. ओटीपोटात, अगदी मध्ये मूत्राशय. वयस्क पुरुषांना लघवी अडली की तेथे ताण आणि फुगार जाणवतो. मूत्रपिंडे पाठीकडे, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास. दुखणे जागा बदलत असेल, तर तेही सांगावे. अपेंडिक्सचे दुखणे पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होऊन मग उजवीकडे खाली सरकते. मूतखड्याची कळ पाठीच्या बाजूने जांघेकडे उतरते. वृद्धांत पोटाच्या गंभीर आजाराची लक्षणेही कधी कधी सौम्य असतात. म्हणून ‘फार दुखत नाही’ यावर विसंबून राहू नये.

जागा एक, मूळ दुसरीकडे

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दुखणे जिथे जाणवते, तिथेच बिघाड असतो असे नाही. निरनिराळ्या भागांच्या संवेदना मज्जातंतूंच्या सामायिक मार्गांनी मेंदूकडे जातात, त्यामुळे मेंदूची ठिकाणाविषयी फसगत होते. पित्ताशयाची कळ उजव्या खांद्यात किंवा फऱ्यात उठू शकते. खुब्याच्या विकाराने कित्येकदा गुडघाच दुखतो. हृदयाची वेदना डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकते. म्हणून ‘हृदय डावीकडे असते, माझे मध्ये दुखते, म्हणजे पित्तच असणार,’ असा तर्क स्वतः लढवू नये. हृदय छातीच्या साधारण मध्यभागी, किंचित डावीकडे झुकलेले असते, आणि त्याची वेदना बहुधा छातीच्या मध्येच, दाबल्यासारखी जाणवते. मधुमेह असलेल्या आणि वयोवृद्ध व्यक्तींत ती वेदना मुळीच न होता केवळ धाप, घाम किंवा विलक्षण थकवा येऊ शकतो.

अशा वेळी, म्हणजे छातीत दाब, घाम, श्वास कोंडणे, अचानक एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे अशी लक्षणे असताना, बोटांची मापे घेत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालय गाठावे. जागेचे वर्णन वाटेतही करता येते.

एरवी मात्र डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन मिनिटे द्यावीत. रुग्णाला आधी एका बोटाने जागा दाखवू द्यावी. बोटाऐवजी तो पूर्ण तळहात फिरवत असेल, तर तेही टिपून ठेवावे, कारण पसरलेले दुखणे आणि एका बिंदूतले दुखणे यांचे अर्थ निराळे असतात. मग वहीत एक वाक्य लिहावे: बाजू कोणती, पुढे की मागे, कोणत्या ठळक खुणेपासून किती बोटे, वरवर की खोल, आणि तेथून कुठे पसरते. उदाहरणार्थ, ‘उजवी बाजू, पुढून, जांघेच्या घडीत, खोल; चालताना गुडघ्यापर्यंत जाते.’ हे एवढेच वाक्य त्या श्रावणात माझ्याजवळ असायला हवे होते.

ज्यांना बोलता येत नाही किंवा विस्मरणामुळे शब्द सापडत नाहीत, त्यांच्या बाबतीत तर हातच बोलतो. हात वारंवार कुठे जातो, कूस बदलताना कोणत्या क्षणी चेहरा आक्रसतो, अंग पुसताना कोणता भाग त्या मागे घेतात, हे पाहावे आणि त्या जागेचे नाव याच शब्दांत लिहावे. रोज जवळ असणाऱ्या माणसाला जे दिसते, ते दहा मिनिटे तपासणाऱ्या डॉक्टरांना दिसेलच असे नाही.

आई आता वॉकर घेऊन घरात फिरते. जिना मात्र तिला सुटला तो सुटलाच. परवा पुन्हा म्हणाली, ‘कंबर दुखतेय.’ मी हातातले काम टाकून तिच्यासमोर जाऊन बसले. तिने पाठीमागे हात नेला, माकडहाडाच्या वर चार बोटांवर एक बोट ठेवले, आणि माझ्याकडे वळून विचारले, ‘दिसलं ना नीट?’